उत्तर येण्याचा पत्ता

लीलाधरनं दिवाळीच्या भावाचं पत्रक
अकराशे पत्ते एका ओळीत टाकून पाठवलं,
आणि चाळीसगावच्या दुकानदारानं खाली लिहिलं,
निळ्या चटईचा रंग धोतराला लागला.
ते सगळ्यांनाच गेलं.
अमळनेरहून आलं, आमच्याकडे पण.
मग साक्री, यावल, पार सेंधव्यापर्यंत
धोतरं, परकर, एक पांढरा बैल.

भंगाळेशेठ म्हणाले, भो, घ्या एखादं सॉफ्टवेअर.

म्हणून मे महिन्यात, जळगावच्या एमआयडीसीत,
कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत
मी सॉफ्टवेअर बघते आहे.
भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट,
प्लास्टिकच्या दाण्यांचा गरम वास.
पुण्याचा पोरगा पडद्यातून समजावतो,
मॅडम, आलेल्या प्रत्येक पत्राला नंबर पडेल.
दुसरं एक रात्री आपोआप उत्तर देतं.
आणि एकात पत्ताच असा
की इथून पत्र जातं, तिथून काही येऊच शकत नाही.
शेठना तो फार आवडला.

रात्री उत्तर देणारं महिनाभर फुकट होतं. घेतलं.

आता शहाद्याचे हिरालाल कुवर, मंडपवाले.
आमच्या प्रत्येक पत्रकाला ते उत्तर देतात.
भाव वाढले तरी देतात.
पोळ्याच्या सुट्टीची सूचना गेली तेव्हा लिहिलं होतं,
'कळलं. इकडे पपई बरी आहे.'
या खेपेला लिहिलं,
'चटया चांगल्या निघाल्या. घरच्यांच्या तेराव्याला
साठ माणसं बसली. नंतर धुतल्या.
रंग गेला नाही.'

सॉफ्टवेअरनं रात्री दोन वाजून सहा मिनिटांनी कळवलं,
आपला अभिप्राय वाचून आनंद झाला.
क्रमांक चारशे सतरा. विषय बंद.

मी सकाळी वाचलं, पर्स खांद्यावरच होती.
त्याची तरी काय चूक,
प्रश्न नव्हता, तक्रार नव्हती,
रंगाबद्दल तर चांगलंच लिहिलं होतं.

अजून एक आहे, दिसायला जुनाट.
ज्याचं पत्र त्याला एकेकटं पोचवतं,
उत्तर आलं की माझ्यासमोर आणून ठेवतं
आणि गप्प बसतं.
शेठ विचारतात, मग हे करतं काय?
म्हटलं, एवढंच.
'एवढ्याचे महिन्याला साडेआठशे?'

हिशोब दुपारी दाखवते म्हटलं.
'हिरालालभाऊ' एवढं लिहून झालंय.
कूलर कोरडाच फिरतोय कधीचा.