वीतभर सूत

इस्तंबूल ते सिंगापूर :
आठ हजार सहाशे साठ, वर थोडे किलोमीटर.
त्यातलं माझ्या वाट्याला येतं
ते रात्री अडीच ते तीनच्या मधलं.
सोनेगावची एसी खोली, थंड झालेला चहा,
पडद्यावर सरकणारा एक ठिपका
आणि त्याच्या शेपटीला उंची, वेग, नाव.

तो इथे उतरत नाही. उतरायला कारणही नाही.
वैमानिक माझ्याशी चार वाक्यं बोलतो,
मी त्याला पुढची फ्रिक्वेन्सी देते,
तो शुभरात्री म्हणतो,
कुठल्या देशाची रात्र ते सांगत नाही.

बाबा म्हणाले, "मंग आपल्या डोक्यावरून काऊन जाते?
सरळ जायचं सोडून?"
मी नकाशा पसरला, पट्टी ठेवली.
रेघ गेली पार खालून, नेल्लोरकडून.
नागपूर वर राहिलं, कोरडं.
"हेच म्हणतो ना मी."

आमचं घर बांगलादेशात.
देश नव्हे, नाईक तलावाजवळचा मोहल्ला;
ऑफिसात पत्ता सांगताना दरवेळी हा खुलासा करावा लागतो.
पुढच्या खोलीत माग होता.
त्याच्या खड्ड्यावर आता फळी आहे,
फळीवर तांदळाची कोठी.
बाबांनी कोठीमागून एक कांडी काढली,
अकरा वर्षांपूर्वीचं सूत, अजून पांढरं.
भाच्याच्या पृथ्वीगोलावर
इस्तंबूल अंगठ्याखाली दाबलं,
सिंगापूर मला धरायला लावलं.
"ढिल्लं नको ठेवू."

ताणलं, आणि सूत आपलं आपण सरकलं.
कॅस्पियनच्या काठाने,
राजस्थानच्या वाळूवरून,
येऊन बसलं सिवनीच्या अलीकडे-पलीकडे,
म्हणजे आमच्यावरच.
त्या गोलावर
धाग्याच्या जाडीत आख्खा जिल्हा मावतो.

बाबा वाकून बघत राहिले.
बऱ्हाणपूरच्या पुढे ते कधी गेले नाहीत,
तेही बसने, लुगड्यांचे गठ्ठे मांडीवर घेऊन.
"कागद खोटं बोलते बाई," ते म्हणाले,
"सूत नाई बोलत."
मग धागा उचलून मोजला :
एक वीत, बोटभर कमी.
"एवढंच?"

काल पहाटे ड्युटीवरून आले.
दार उघडंच. बाबा गच्चीवरून उतरत होते,
खांद्यावर घोंगडी, हातात विझलेला टॉर्च.
टॉर्च कशाला, विचारलं नाही.
"आज चार मिनिटं उशिरा गेलं," ते म्हणाले.

मी चपला काढल्या.
"सहा," म्हटलं.