अडीचशे किलो शिंपल्या

कुठ्ठाळीच्या आमच्या हायर सेकंडरीत
रसायनशास्त्राचं पुस्तक इंग्रजी,
समजावून सांगतो कोंकणीत,
आणि हिशेब मनातल्या मनात
अजून पाढ्यांच्या मराठीतच चालतो.

मिलाग्रिना दुसऱ्या बाकावर.
पहिल्या चाचणीत तिनं पाण्याचं समीकरण जुळवलं
ते खालचा आकडा बदलून.
उजवीकडे ऑक्सिजन एक कमी पडतो ना,
मग लाव त्याच्या पायाशी दोन.
दोन्ही बाजू सारख्या. खूशही झाली.
म्हटलं, बाय, हे पाणी नव्हे,
हे गुडघा फुटल्यावर फेसाळतं ते बाटलीतलं औषध.
आतल्या आकड्याला हात लावायचा नाही.
वाढवायचं ते पुढून,
रेणू दोन घे, चार घे,
वस्तू मात्र जी आहे ती राहू दे.

नोव्हेंबरात स्वाध्याय दिला.
पुस्तकातला संगमरवर खोडून शिंपल्या घातल्या,
झुआरीच्या काठच्या पोरांना संगमरवर कशाला?
अडीचशे किलो शिंपल्या भाजल्या,
चुना किती मिळेल?
शिंपली शुद्ध धरा.

शंभराला छप्पन्न.
सगळ्या वर्गानं एकशेचाळीस काढला. तिनंही.
पायऱ्या नीट, एककं जागच्या जागी,
उत्तराखाली दुहेरी रेघ.
आणि रेघेच्याही खाली, पेन्सिलीनं :
सर, एकशेपंचवीसच भरतात.
पापा मापायचा तेव्हा पोतं मी धरायची.

तिचा बाप इनास.
भट्टी थंड होऊन चार वर्षं झाली.
लोकांना आता रंग बादलीत तयार हवा,
म्हणून तो वेर्ण्याला औषधांच्या कारखान्याबाहेर
रात्रपाळीला उभा असतो, शिट्टी घेऊन.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.
पंधरा किलो गेले कुठे?
बोटं मोजत म्हणाली,
मधल्या थरातल्या कच्च्या राहतात,
काहींच्या पोटात रेती,
वारा फिरला की एक कूस जळतच नाही.
आणि पहिली घमेली कपेलाला फुकट, फेस्ताच्या आधी.
ती कशात धरायची सर,
उत्पन्नात की घटीत?

याचं उत्तर
माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

मग तिनंच विचारलं,
आणि ते एकशेदहा किलो? जे वायू होऊन गेले?
हजेरीपटाच्या मागे मी आणखी दोन ओळी लिहिल्या.
चुन्यात पाणी घातलं, सळसळलं, निवलं.
भिंतीला लावलं.
आता ती भिंत महिनोन्‌महिने
हवेतून हळूहळू तोच वायू पिते
आणि होते पुन्हा जी आधी होती ती,
शिंपलीच, फक्त आकार गेलेली.

ती बराच वेळ ओठ हलवत राहिली.
चव्वेचाळीस बाहेर. चव्वेचाळीस आत.
म्हणजे आमच्या भट्टीतनं गेलेलं
कपेलाच्या भिंतीत बसलंय?

तेच, असं नाही म्हणता यायचं गो.
रेणूला नाव नसतं.

तरी तितकंच ना, सर?

तितकंच, म्हटलं.
आणि मग आठवलं, गेल्या फेस्ताला
कपेलाला पिवळा चकचकीत रंग दिलाय, बादलीतला,
जुन्या चुन्यावरच.
समुद्राकडच्या बाजूनं पोपडे सुटायला लागलेत.
हे काही मी तिला सांगितलं नाही.
तिला ठाऊक असणारच,
तिचं घर त्याच वाटेवर.

घंटा झाली.
उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो.
आदर्श उत्तर एकशेचाळीस, गुण पाच.
पेन्सिलीच्या ओळीसाठी रकाना नव्हता.
तिथे समासात मी अर्धा दिला.

पाचपैकी साडेपाच.
बेरीज तपासणाऱ्या मॅडमनी
त्याभोवती लाल गोल काढून
प्रश्नचिन्ह केलंय.
गठ्ठा तीन दिवस टेबलावर आहे,
मी काही खोडलेलं नाही.