तीन नंबरची खोली

फंडाचे अकरा लाख आले तेव्हा
मेहुणा म्हणाला, कागलला दोन गुंठे घेऊन टाक.
बायको म्हणाली, बँकेत ठेवा आणि निवांत झोपा.
मी सागरमाळच्या घरावर मजला चढवला.
चार खोल्या, एक जिना, गच्चीवर टाकी.
विद्यापीठ चालत वीस मिनिटं.

कॉट विकत आणले नाहीत.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लोखंड कापलेला माणूस
कॉट विकत आणणार होय?
अँगल आणले, पट्ट्या आणल्या,
चार रविवार वेल्डिंग मारलं, चॉकलेटी रंग दिला.
पाय आखूड झाले. पोरांच्या पेट्या खाली जाईनात.
मग कॉटला चार, अशा बत्तीस विटा.
गाद्या गंगावेशीतून. खोलीला एक टेबल, एक कपाट,
आणि आरसा मुद्दाम लहान,
सकाळी न्हाणीसमोर रांग लागू नये म्हणून.

माणशी बावीसशे. डिपॉझिट दोन महिन्यांचं.
लाईट वेगळी, खोलीच्या मीटरप्रमाणे, युनिटला नऊ रुपये.
वहीत नावं नाही लिहिली कधी, गावं लिहिली:
सांगोला. चंदगड. गडहिंग्लज.
नावं बदलतात, चेहरे विसरतात,
गाव कसं पक्कं वाटतं.

तीन नंबरला अहमदपूर होता. अंगद केंद्रे.
स्टॅटिस्टिक्सला. बोलणं कमी, चपला कायम ओळीत.
एकदाच म्हणाला,
‘काका, बिल जरा जास्त यायलंय.’
मी म्हटलं, चोरून शेगडी लावत असशील.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
परत कधी विचारलं नाही.

बावीस महिन्यांनी खोली सोडली.
कपाटामागं भिंतीवर पेन्सिलीची रेघोटी दिसली,
मी डिपॉझिटमधले आठशे कापले.
त्यानं नोटा मोजल्या, ‘बरं काका’ म्हणाला,
आणि बॅग उचलून स्टँडला गेला.

जूनमध्ये रंगारी आला, दस्तगीर.
कपाट सरकवलं, पॉलिशपेपर हातात घेतला
आणि थांबला.
मालक, हे घासू नका म्हणतो मी. हिशेब दिसतोय कसलातरी.

तारीख. रात्री किती. सकाळी किती.
बारीक, सरळ, बावीस महिने.
मध्ये दिवाळी:
‘खोली बंद. दोघं गावी.
२३१८. वीस दिवसांनी २३३८.’
आणि त्याखाली, आल्यावर जागून काढलेलं:
‘पहाटे चार ते पाच. कोण?’

मी.
पहाटे चारला उठून मोटर मीच लावतो.
चारी खोल्यांना पाणी, माझ्या न्हाणीला,
बायकोच्या जास्वंदीला.
वायर मीच ओढली होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी
ती कमी पडली,
तीन नंबरचं बोर्ड जवळ होतं, तिथं जोडली.
उद्या बदलू म्हटलं होतं.
त्या उद्याला चार वर्षं झाली.

जिन्यात बसून मांडलं.
महिन्याला तीस युनिट, दोघांत वाटून एकशे पस्तीस,
गुणिले बावीस, अधिक भिंतीचे आठशे.
तीन हजार सातशे सत्तर.
फोनवरून पाठवले. गडहिंग्लज अजून इथंच आहे,
त्याचे भाड्यात वळते केले.
मोटर माझ्या मीटरवर घेतली. वायर लागली फक्त सहा मीटर.

दोन दिवसांनी अहमदपूरहून उत्तर आलं.
मला वाटलं होतं, राहू द्या काका म्हणेल.
लिहिलं होतं:
‘मिळाले. माझ्या आधी त्या खोलीत कोण होतं,
त्यांचंही बघा.’

दस्तगीरनं तेवढा चौकोन सोडून भिंत रंगवली.
मी वही घेऊन बसलोय.
पहिल्या पानावर, तीन नंबरपुढं,
माझ्याच अक्षरात, नुसतं ‘सांगोला’.
सांगोल्यात जाऊन
कुणाचं नाव विचारू?