चावी काढल्यावर

इंजिन उचललं तेव्हा
खालच्या पत्र्यावर बोटभर हळद निघाली.
चोवीस वर्षं मगदूम अण्णांनी
डिग्रजहून सांगलीच्या पेठेत पोती टाकली याच पिकपनं,
प्रत्येक पोतं थोडं थोडं मागं राहिलेलं.
दस्तगीर मिस्त्रींनी नखानं खरवडून वास घेतला.
"ऑइल कमी, हळद जास्त.
म्हणून गंजली न्हाई."

मी तेव्हा चौदाचा. मालगाव रोडच्या त्या शेडात
पाने पुसायचो.
तोवर सगळे पाने इंचातले:
अर्धा, नऊ-सोळा, पाऊण.
मग कुपवाडच्या भंगारातून मॅटाडोरचं डिझेल इंजिन आलं,
मिरज-जत वडापला राबलेलं,
शेवटी शेवटी टपावरसुद्धा माणसं घेऊन,
आणि त्याच्याबरोबर तेरा, सतरा, एकोणीस.
मिस्त्रींनी दुसरा डबा केला.
"ही बोलते इंचात, हे बोलतंय मिलीमीटरात.
आता मधी कुणीतरी दुभाषा पायजे."

दुभाषा म्हणजे एक लोखंडी प्लेट.
कुणाच्या तरी लग्नातल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा
गिअरबॉक्सच्या तोंडावर धरायचा,
हातोडीनं हळू ठोकत जायचं,
भोकांच्या कडा आपसूक उमटतात.
तो पुठ्ठा शर्टाच्या आत घालून
मी सायकलवर कुपवाडला, भरमू टर्नरकडं.
तीन चकरा झाल्या.
पहिल्यांदा अर्ध्या सुताचा फरक.
दुसऱ्यांदा भरमूच्या घरी पाळणा.
तिसऱ्यांदा प्लेट बसली, पण शाफ्ट आखूड,
मग गनमेटलचा बुश.
वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यात दोन पानं.
रेडिएटर पुढं सरकवायला जागा नव्हती,
म्हणून जाळीच पुढं आली,
गाडीनं जरा ओठ काढल्यासारखी.

अण्णा रोज संध्याकाळी यायचे,
डब्याच्या झाकणात चहा प्यायचे,
आणि काढलेल्या जुन्या इंजिनाशेजारीच बसायचे.
नव्याकडं बघायचे नाहीत.
पोरगा म्हणायचा, विका, नवी घ्या.
अण्णा म्हणायचे, "लिटरला सात जाते, तेवढंच दुखणं हाय.
दुखतंय तेवढंच काढायचं."

त्या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधोमध,
पत्र्याच्या झाकणाखाली.
रत्नाक्का डबा त्याच्यावर ठेवायच्या,
पेठेपर्यंत भाकरी ऊन राहायची.
पहिल्या ट्रायलला त्यांनी सवयीनं ठेवला.
विश्रामबागला टोपण उडालं,
सांगलीत पोचेस्तोवर आमटी सगळी
हँडब्रेकवर.
आणि एकमेकांचं काही ऐकू येईना.
अक्का ओरडल्या, "काय म्हणताय?"
अण्णा ओरडले, "काय न्हाई!"
अक्का मागं वळून मला म्हणाल्या,
"आधीबी हेच म्हणायचे.
पण हळू."

परत येऊन अण्णांनी शेडात गाडी लावली,
चावी फिरवली, काढली,
कोपरीच्या खिशात टाकली, उतरले.
गाडी चालूच.
घडघड, घडघड, उघड्या दारातनं.
अण्णांनी खिसा चाचपला.
चावी तिथंच.
त्यांचं तोंड मी अजून विसरलो नाही.
घरातलं माणूस निघून गेलं
आणि चुलीपाशी भांडं वाजलं, तर होईल तसं.

"पेट्रोलची ठिणगी वायरीवर असती, अण्णा,"
मिस्त्री म्हणाले, "चावीनं विझती.
ह्याला ठिणगी न्हाई. हे दाबानंच पेटतंय.
चावीला ते वळखत न्हाई.
ह्याचं डिझेल तोडाय लागतंय."
आणि स्टिअरिंगखाली बसवलेली
सायकलच्या ब्रेकची तार दाखवली,
टोकाला माझ्या गोट्यांतली एक लाकडी मण्यासारखी गोळी.

अण्णांनी तार ओढली नाही लगेच.
दाराला टेकून उभे राहिले.
पत्रा थरथरत होता, त्याच्यासंगं त्यांचा हात.
फटीतली उरलीसुरली हळद
बारीक बारीक सांडत होती फरशीवर.

"ऱ्हाऊ दे थोडा वेळ," म्हणाले.

आरसी बुकात अजून पेट्रोलच होतं.
ते काम सोमवारचं.