फुटवा

कागदावर तीन रकाने होते.
कधीच नाही. कधी कधी. नेहमी.
अमरावतीच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, घाई नको,
बाहेर बाकावर बसून भरा.
प्रणय तोवर तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढला होता
आणि ह्यांचं आपलं सुरू, "उतर बे खाली."

वस्तू हरवतो? नेहमी.
यंदा दोन दप्तरं आणि एक चप्पल. जोड नाही, एकच.
रांगेत थांबता येत नाही?
खिचडीच्या रांगेत ढोमणे सरांनी खांबाजवळ उभं केलं
तर हा खांबावर चढून वरून विचारतो,
"माहा नंबर आला का जी?"
याला कोणता रकाना?

सासूबाईंनी निघतानाच निकाल दिला होता,
"खेरड्यायच्या घरात असं बयताड
आजवर कोनीच निपजलं नाही."
जाऊ म्हणाली, गिरहन पाळलं नसीन तिनं.

मी गप्प. मी नर्सरीत डोळे बांधते.
जंबेरीच्या खुंटाला चीर द्यायची,
संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, वर पट्टी.
दिवसाला हजार, हात बसला असला तर.
हात तिथेच असतो. मी नसते.
मुकादम ओरडला की कळतं,
बाकीच्या बाया दोन वाफे पुढे गेल्यात
आणि मी एकाच खुंटाला दोनदा पट्टी बांधली आहे.

"घरात आणखी कुणी असं?"
हे म्हणाले, "नाही जी."
"उंची जशी घराण्यात येते ना, तसंच हे बरंचसं.
पण एका जागेवरून नाही येत.
बारीक बारीक पुष्कळ असतं,
कुणाकडून चिमूट, कुणाकडून मूठ.
लाड केले म्हणून नाही. मारलं नाही म्हणूनही नाही."
मग चष्मा पुसत, सहज बोलल्यासारखं,
"मुलींचं तर लवकर ध्यानातच येत नाही.
बऱ्याच जणी पळत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसतात."

सातवीत गणिताच्या पेपरला मागच्या पानावरही प्रश्न होते.
मला ते घरी येताना नाल्यावर कळलं.
वेंधळी, म्हणाले सगळे. मीही ते घेतलं,
बारशात ठेवल्यासारखं.

आणि बाबा.
मीठ आणायला वरुडच्या बाजारात गेले,
पोपटाचा पिंजरा घेऊन आले. रिकामा.
सायकल बाजारातच.
आपण चालत आलो हे त्यांना अंगणात पाय धुताना कळलं.
माय हसली की रडली, आठवत नाही.
पिंजरा आठवतो. पुढे आम्ही त्यात कांदे ठेवायचो.
पण कुणाची मोटर बंद पडली की मध्यरात्री बोलावणं यायचं,
काठावर उभं राहून, नुसत्या आवाजावरून
बाबा सांगायचे काय तुटलं ते.

हे चहा आणायला गेले.
मी पेनाला टोपण लावलं
आणि त्या टोपणानंच पुन्हा एकदा
सगळ्या रकान्यांवर खुणा करत गेले. ह्या वेळी माझ्या.
कागदावर काहीच उमटलं नाही.

परतीच्या एसटीत, मोर्शी गेल्यावर, म्हटलं,
"माह्याकडून आलं असन त्याले."
हे कितीतरी वेळ संत्र्याचे बगीचे बघत राहिले.
मग म्हणाले,
"तुले तं कोनी दवाखान्यातबी नेलं नाही."

डोळ्याच्या खालून जंबेरीचा फुटवा येतो. काटेरी.
दिसला की खुडायचा, हा नर्सरीचा नियम.
खुडते मीही. बोटाला वास राहतो दिवसभर.

फाट्यावर उतरलो. गाडी हलली.
प्रणय म्हणाला, "मम्मी, फाइल?"
फाइल सीटवर.
माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत
तो धुळीत, गाडीच्या मागे,
एका चपलेनिशी,
आणि आम्ही दोघंही
थांब म्हणालो नाही.