मुठीमागची वाटी

तौसिफने काउंटरच्या काचेवर तीन पट्ट्या मांडल्या.
तिन्ही पारदर्शक, म्हणजे मांडल्या की नाही
हे बोटानेच कळावं.
"ही पीव्हीसी, दीड वर्षात पिवळी पडते जी.
ही मधली. अन् ही टीपीयू,
ओरखडा पडला तं उन्हात उभी करा, आपोआप भरून येते."
मी म्हटलं, मग ऊन कमी आहे का आपल्या वणीत?
तो हसला. गिऱ्हाईक पटलं असं वाटलं त्याला.

पण मला पारदर्शक शिकवू नको, पोरा.
तहसीलसमोर एकोणीस वर्षं
लॅमिनेशनचं मशीन चालवतो मी.
जातीचे दाखले, टीसी, रेशनकार्डं,
एकदा बैलजोडीचा फोटो, जोडीतला एक गेल्यावर.
एवढं जाणतो की आत गेलं ते गेलं.
धुळीचा कण राहिला तर तो कणही
दाखल्याइतकाच कायम.
निवृत्ती बोबडेंना सांगितलं होतं,
नावात चूक आहे, आधी दुरुस्त करून आणा.
नाही ऐकलं.
कागदावर ते अजून बोकडे आहेत.

गाडी जुनीच घेतली, मोरपंखी निळी.
कुंदा म्हणत होती पांढरी घ्या, धूळ दिसत नाही.
जिथे धूळ पांढरी तिथलं ते शहाणपण.
आमच्याकडे कोळशाचे ट्रक घुग्घुसकडून येतात
अर्धी ताडपत्री बांधून.
मुकुटबनच्या रस्त्यावर गिट्टी उडते,
बोनेटवर देवीचे व्रण असावेत तसे टिपके,
आणि पांदणीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या पऱ्हाट्या
दारांना खाजवत येतात थेट अंगणापर्यंत.

पूर्ण गाडीचे सत्तर हजार.
फिल्मची गॅरंटी पाच वर्षं,
माझ्या कर्जाची अजून सहा.
शेवटचं वर्ष गाडीने उघड्या अंगाने काढायचं.
बंपर, बोनेट, दोन आरसे, एवढंच कर म्हटलं.
"मुठीमागच्या वाट्या फुकटात देतो," तौसिफ म्हणाला,
"पहा न किती नखं लागली.
आधी पॉलिश मारतो, साफ होऊन जाते."

वाकून पाहिलं.
तीन दारांच्या वाट्यांत चार-दोन रेघा.
मागच्या डाव्या दाराला जाळंच.

ते दार रात्रीचं आहे.
गावात चारचाकी दोन. दुसरी सरपंचाची,
तिचा ड्रायव्हर आठ वाजता घरी जातो.
हरिदास टेकामच्या सुनेला कळा आल्या तेव्हा
सासूला अंधारात मूठ सापडेना,
खरवडत राहिली, मी आतून ओरडतोय, वर ओढा, वर.
पुंजारामला मण्यार डसला,
त्याचा धाकटा दोन्ही हातांनी ओढत होता
आणि दार लॉक होतं, माझ्याच चुकीने.
एक रेघ खोल आहे, अंगठीची असावी.
तिचं नाव नाही सांगत.
येताना मी एकटाच आलो.

तौसिफच्या हातात पॉलिशचा बोळा, तो थांबलेला.
"फिल्मखालचं कायम राहते न रे?"
"म्हणून तं म्हणतो, आधी पुसून घेऊ."
"तीन पुस."
"अन् हे?"
ट्रक गेला, काउंटरची काच थोडी वाजली.
"हे तसंच राहू दे. फिल्मही नको."
"फुकट आहे, भाऊ."
"हो, ऐकलं."

सत्तावीस हजार मोजले. वर सूचना,
सात दिवस धुऊ नका, कडा नखाने उचलून पाहू नका.
घरी कुंदाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या,
पदराने बोनेट पुसलं, डोळे बारीक केले.
"कुठे लावलं? दिसत तं काहीच नाही."
न दिसण्याचेच घेतात, म्हटलं.
"मग ते मी फुकटात केलं असतं," ती म्हणाली
आणि मागचं डावं दार उघडून
सीटवरची चादर काढली,
धुवायला.