अंगठा

डिसेंबरात तांपेरेला तीनलाच अंधार पडायचा.
समोरच्या टेबलावर विएनो जंगल लावायची,
झाड, दगड, झाड, मग ‘एक्स्पोर्ट’ दाबून
अकरा मिनिटं
लेकीचा हातमोजा विणायची.

माझं काम खेळात कुठेच दिसत नाही.
मी तिच्या बटणामागचा माणूस.
आठवडाभर उकरलं तेव्हा सापडलं:
एका झाडापायी आख्खं जंगल
दर वेळी पहिल्यापासून मोजलं जात होतं.

आता चाळीस सेकंद.
खूश होऊन तिनं दालचिनीचा पाव आणून ठेवला.

मार्च उजाडला. जंगल दाट झालंय,
लांडगेसुद्धा आलेत.
तिच्या ड्रॉवरमध्ये लोकरीत सुया
तशाच खुपसलेल्या,
मोज्याला अंगठा नाही.

काल हसत म्हणाली,
जरा सावकाश करशील का रे ते?
मी हसण्यावारी नेलं.
ट्रामची वाट बघताना मात्र
हात खिशातून निघेनात.